गाईच्या तोंडची पेंड

बाबा, काल तुमचं श्राद्ध झालं आणि पानावर बसलेला जो तो हेच म्हणत होता, की मुक्या जनावरांवर माया करावी तर तुम्हीच. मी वाढत होते. पण ती स्तुती मला पचलेली नाही, म्हणून आज लिहायला बसले.

माया होतीच, नाही कोण म्हणतंय? जोगेश्वरीच्या त्या गोठ्यात मालक नुसता नावाला, गाई तुमच्याच होत्या. गिरण्यांचा संप चालू होता, आजूबाजूचे बाप्ये घरी बसले होते, तुमचं काम मात्र एक दिवस थांबलं नाही. शेंगदाण्याच्या पेंडीचं पोतं आलं की आधी तुकडा स्वतः चावून बघायचात, खवट लागला तर पोतं परत. दुभत्या गाईला ती भिजवून, डाळीच्या चुणीत कालवून, आणि माप ती देईल त्या दुधावर. एखाद्या गड्याने हात आखडला की ओरडायचात, "दूध काय आभाळातसून पडता? पोटात गेला तरच सडात उतरतला!"

एवढं कळत होतं तुम्हाला! मग गोठ्यामागच्या आपल्या खोलीत भाऊ झाला तेव्हा ती अक्कल कुठे गेली होती? दहाव्या दिवशी आई उठून शेण काढायला लागली. खायला दोन वेळा पेज आणि कोरा चहा. भाऊ ओढून ओढून दमायचा, दूध यायचं नाही, मग किंचाळायचा. आईने एकदाच अळीव आणि सुकं खोबरं मागितलं. तुम्ही म्हणालात, "ता बायकांचा, बायकांनी बघूचा." कुठल्या बायकांनी? आजी गावाला, मावशी कधीच गेलेली. घरात दुसरी बाई म्हणजे मी, आठ वर्षांची.

मग आई भिजवलेल्या पेंडीतली मूठभर खाऊ लागली. मला अजून दिसतंय, ती घमेल्यापाशी उकिडवी बसलीय, गाल भरलेला, आणि तुम्ही चार गड्यांसमोर तिचा दंड धरून उभे आहात. "गाईच्या तोंडचा खातंस? लाज नाय वाटत तुका?" ती घास न गिळताच म्हणते, "माझ्या पण अंगावर पोर पिता." गडी हसले. तुम्हीही हसलात, बाबा. त्याची मला आजही चीड येते. महिन्याभरात भाऊ बाटलीवर आला, हगवणीने अर्धा झाला, कसाबसा वाचला. आणि आई त्यानंतर तुमच्यासमोर कधी जेवायला बसली नाही, तुम्ही जाईपर्यंत. तुमच्या ते लक्षात तरी आलं होतं का? गाईने एक वेळ तोंड फिरवलं तर वैद्य शोधत वाकोल्यापर्यंत चालत जाणारे तुम्ही!

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि पोचायलाही नको, कारण मग एक गोष्ट कबूल करावी लागेल, जी मी आईलाही सांगितलेली नाही. त्या दिवशी तुम्ही घमेल्यापाशी आपणहून आला नव्हतात. मीच धावत जाऊन सांगितलं होतं, "बाबा, आई गाईचं खातेय." तुम्ही शाबास म्हणालात आणि गाईसाठी खिशात ठेवलेला गुळाचा खडा मला दिलात. तुम्ही तिला बोलत होतात तेव्हा तो माझ्या तोंडात होता.