पालखीपुढचा होकार

पावस
२४ मार्च २०२५

चि. सलिल,

अनेक आशीर्वाद. तू पुण्याला पोहोचल्याचं स्वानंदीच्या फोनवरून कळलं. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून बायकोला पुढे केलंस, पण आंब्याची पेटी न्यायला विसरला नाहीस, हे बरं झालं. फळ अजून कच्चं आहे, पेंढ्यातून काढायची घाई करू नका. इकडे ऊन मी म्हणतंय आणि माकडांनी बागेत उच्छाद मांडला आहे.

तू स्वानंदीला म्हणालास, "आईनं मला देवासमोर फसवलं." खरं आहे. ठरवूनच केलं.

शिमग्याआधी मी काशीरामकडे गेले होते. देवाची पालखी अंगणात आली की आपल्या घरचं गाऱ्हाणं तोच घालतो. माझं ऐकून तो डोकं खाजवत बसला. "असला गाराणा कोन घालतो काय, वैनी?" म्हणाला. मी म्हटलं, "मुलाला नोकरी लागू दे हे देवाला सांगायचं, मग म्हातारीला मरण नीट येऊ दे हे का नाही सांगायचं?"

मग त्यानं घातलं, सगळ्या वाडीदेखत. "बा देवा म्हाराजा, ह्या कुसुमवैनीचा वकुत येल तवा तो हितंच, तिच्या घरात येऊ दे. नळ्या नको, मशिनी नको. तिचं दुखणं हलकं कर, आनि तिच्या पोराला तिचा शब्द पाळायचं बळ दे रे म्हाराजा." आणि लहानपणापासूनच्या सवयीनं सगळ्यांच्या वर तुझाच आवाज, "व्हय म्हाराजा." तोंडातून शब्द गेल्यावर तू माझ्याकडे बघितलंस. वाईट वाटलं मला, आणि थोडं हसूही आलं.

समोर बसवून विचारलं असतं तर "काहीतरीच काय, आई" म्हणत उठला असतास. दिवाळीत उठलासच की.

बाबांच्या वेळी तू होतं नव्हतं ते सगळं केलंस. चुकलास असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण शेवटी त्यांना काहीतरी सांगायचं होतं, सलिल. तोंडात नळी, हात पलंगाला बांधलेले. मी पाणी म्हटलं, चष्मा म्हटलं, तुझं नाव घेतलं. ते मान हलवत राहिले. काय ते मला अजून कळलेलं नाही. मला तसं जायचं नाही.

इतका वेळ टाळलं ते आता लिहिते. पोटातली गाठ परत आली आहे. जानेवारीत मी रत्नागिरीला दातांसाठी गेले नव्हते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा केमो घेतली तर थोडे महिने मिळतील, पण ते बहुतेक इस्पितळातच जातील. मी नको म्हटलं. दर्शना नावाची नर्स घरी येते, दुखण्यावरच्या गोळ्या देते. झोप लागते. सोलकढी पचते.

कागदही केलाय, साक्षीदारांसमोर, नोटरीच्या शिक्क्यानं. मला बोलता येईनासं झालं तर माझ्या वतीनं कोणी बोलायचं, तिथे तुझं नाव घातलं आहे. स्वानंदी तयार आहे, पण मला तू हवा आहेस.

आणि वाडीदेखत गाऱ्हाणं का, तेही ऐक. मी गेल्यावर लोक म्हणतील, एवढा शिकलेला मुलगा, आईला इस्पितळात नेलं नाही. ते बोल तुला आयुष्यभर लागले असते. आता कोणी म्हणणार नाही. त्या अंगणात सगळ्यांनीच होय म्हटलंय.

रागावून झालं की ये. या खेपेला पालखी नसेल, काशीराम नसेल. मीच विचारीन. तेव्हा अगदी हळू म्हटलंस तरी मला ऐकू येईल.

वाट बघणारी, आणि ठरलेलं न बदलणारी,
तुझी आई