गुपचूप बदललेल्या पट्ट्या

दादा,

तुला जाऊन चौदा महिने झाले. इतक्यात तुझ्याशी भांडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. रविवारपासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलतोय आणि कामावर चुका करतोय. काल मिलच्या फोल्डिंग खात्यात एकच तागा दोनदा मोजला, दोन्ही वेळा वेगळा भरला. म्हणून आज रजा टाकली आणि भेस्तानच्या आपल्या गाड्यांच्या शेडमध्ये येऊन बसलो. समोर तुझी जीप उभी आहे. शनिवारी मला चार लोकांसमोर तुझं नाव घ्यायचंय. ते तुला न सांगता कसं घेऊ?

रविवारी आपला जीपवाल्यांचा गट डांगच्या जंगलात गेला. प्रवीण, त्याची बायको, दोन्ही मुली, आणि मागे आणखी दोन गाड्या. मी थांबलो, कारण तुझी जीप पुढून खडखडत होती. ते सकाळी सहाला पलसाणा चौकडीच्या नाक्यावरून निघाले. मी साडेआठला जीप जॅकवर चढवली, पुढचं चाक काढलं आणि ग्रीस मारायला खाली शिरलो.

तुझे शॅकल तिथे नव्हते.

म्हणजे शॅकल होते, पण तू बनवलेले नव्हते. काळा रंग दिलेले, बाजारातले, ड्रिलची गुळगुळीत भोकं असलेले. मला आधी काही कळेचना. गाडीचे पाटे ज्या पट्ट्यांनी चासीला लटकतात, त्या पट्ट्या तू कुणाला न सांगता का बदलशील? ज्या कामाचं तू गटात एवढं कौतुक करून घेतलं होतंस, ते तू स्वतःच का काढून टाकशील?

मग तुझी लोखंडी पेटी उपसली. तळाशी, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं पुडकं होतं. त्यात तुझी एक पट्टी होती. भोकाच्या कडेपासून केसासारखी बारीक चीर निघून पार कडेपर्यंत गेलेली. आणि दुसऱ्या एका पट्टीचे दोन तुकडे होते. ते लाल रंगाचे होते.

आपल्या गटात लाल शॅकल एकाच गाडीला होते, दादा. महेंद्रभाईंच्या.

मी तिथेच जमिनीवर बसलो. तो दिवस लख्ख आठवला. नदीतल्या दगडांवरून जायचं तर गाड्या दोन इंच उचलायला हव्यात, असं तुझं, महेंद्रभाईंचं आणि प्रवीणचं ठरलं होतं. तयार शॅकल यायला पंधरा दिवस लागणार होते आणि सहल आठवड्यावर आली होती. तू पांडेसऱ्याच्या मिलमधला नावाजलेला फिटर. म्हणालास, मीच बनवतो. तीन जीपच्या बारा पट्ट्या कापल्या. पहिल्याच पट्टीला ड्रिलचा बिट तुटला. तू क्षणभर थांबलास आणि मग गॅस कटर पेटवलास.

भार घेणाऱ्या पट्टीला गॅसने भोक जाळायचं नसतं, कड दातेरी होते आणि तिथूनच चीर निघते, हे मला कोणी शिकवलं होतं? तूच ना? मी पक्कडीने पट्टी धरून उभा होतो. तू माझ्याकडे बघून एवढंच म्हणालास, "चालेल." मी काही बोललो नाही. बाराच्या बारा पट्ट्या मीच धरल्या.

सहा महिन्यांनी डांगच्या उतारावर महेंद्रभाईंची जीप एकदम डावीकडे ओढली गेली आणि खड्ड्यात उलटली. त्यांना खरचटलं, पण शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा, ज्योत्स्नाबेनचा, पाय कायमचा गेला. अजून काठीशिवाय चालता येत नाही. सगळे म्हणाले, वळण जोरात घेतलं. महेंद्रभाईही तेच म्हणाले. त्यांनी स्टिअरिंगला परत हात लावला नाही.

आणि तू आठ दिवस हॉस्पिटलमध्ये महेंद्रभाईंच्या बाजूला बसलास. लोक म्हणायचे, मित्र असावा तर रघूसारखा. मलाही अभिमान वाटायचा. जीप खड्ड्यातून काढायला दुसऱ्याच दिवशी क्रेन घेऊन तूच गेला होतास. ते लाल तुकडे तू तेव्हाच उचललेस ना?

पण रविवारी एवढा विचार करायला वेळ नव्हता. एक संच तुटला होता, एक तू बदलला होतास. तिसरा प्रवीणच्या गाडीला होता, आणि ती गाडी दोन मुलींना घेऊन त्याच डांगच्या वाटेवर होती.

प्रवीणला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तर संपर्काबाहेर. त्याच्या बायकोचा बंद. बाकीच्या दोघांचेही तेच. वांसदा सोडलं की जंगलात रेंज जाते हे मला माहीत होतं. निरोप बोलून पाठवला: गाडी थांबव, उतारावर घेऊ नको. त्यावर एकच टिक आली आणि तशीच राहिली. तुझ्या जीपचं चाक काढलेलं. मी मोटरसायकलला किक मारली.

नवसारी, चिखली, वांसदा. मी दोनदाच थांबलो, तेही फोन बघायला. टिक एकच होती. वाटेत तुला जे जे बोललो ते इथे लिहिणार नाही. एकच लिहितो, कारण ते मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. स्वतःची बदललीस आणि प्रवीणची तशीच ठेवलीस? त्याच्या मुली तुझ्या मांडीवर खेळल्या होत्या.

वघईच्या पुढे आपण जिथून नदीत उतरतो ना, ती जागा मला माहीत होती. मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेवर वळलो, तेव्हा वाटेत थांबत-थांबत आलेल्या गटाच्या दोन गाड्या नुकत्याच खाली पात्रात पोचल्या होत्या. प्रवीणची वर होती. पुढची चाकं उताराच्या तोंडावर, इंजिन चालू, दोन्ही मुली मागच्या सीटवर बांधलेल्या. खालून कोणीतरी हाताने खूण करत होतं, ये, ये. मी मोटरसायकल त्याच्या गाडीपुढे आडवी घातली आणि खाली पडलो.

प्रवीणला वाटलं, घरी कोणीतरी गेलं. मी म्हटलं, मुलींना उतरव. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, आधी उतरव. त्याने गाडी मागे सपाटीवर घेतली, चाकांना दगड लावले. मुली झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मग मी खाली शिरलो.

हात लावून बघितलं, दादा. डोळ्यांवर विश्वास नव्हता म्हणून बोटाने भोकाची कड चाचपली. गुळगुळीत. दुसऱ्या बाजूला गेलो. तीही गुळगुळीत. चारही पट्ट्या बाजारातल्या होत्या, काळ्या.

बाहेर आलो. प्रवीणला विचारलं, शॅकल कोणी बदलले? तो म्हणाला, "तुझ्याच भावाने. महेंद्रभाईंचा अपघात झाला ना, त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. एकटाच आला. पाय इतके सुजले होते की बूट चढत नव्हता, चपलेवर होता. म्हटलं दादा, बरं वाटू दे, मग बघू. ऐकलं नाही. रबरी बुश झिजलेत म्हणाला आणि दुपारभर गाडीखाली झोपून राहिला."

मग त्याने आणखी सांगितलं. तू जाताना त्याला म्हणाला होतास, महेंद्रला हे बोलू नकोस, त्याच्या मनाला लागेल.

मी प्रवीणला सगळं सांगितलं. त्याने मुलींकडे बघितलं. मग त्याने खालच्या दोघांना वर बोलावलं. गट तिथूनच परत फिरला.

तुझी किडनी गेल्याचं त्यानंतर महिन्याभराने कळलं. म्हणजे ती सूज त्याचीच होती. त्या अवस्थेत तू कडक जमिनीवर उताणा पडून गंजलेले बोल्ट सोडवलेस. परत येताना माझा राग कुठे ठेवू हेच कळत नव्हतं. तू प्रवीणच्या मुलींना वाचवलंस, हे खरं आहे. पण मग महेंद्रभाईंच्या घराचे दोन जिने चढायला काय हरकत होती? त्यानंतर तू वर्षाहून जास्त जगलास. एक वाक्य तर बोलायचं होतं. आणि मला तरी? पट्ट्या मी धरल्या होत्या. ते ओझं निम्मं माझं होतं. ते तू एकट्याने का ठेवून घेतलंस?

संध्याकाळी वहिनीसमोर पुडकं ठेवलं. मला वाटलं, ती म्हणेल, गेलेल्या माणसाचं नाव खराब करू नको. ती आधी तेच म्हणाली. पोरीचं लग्न व्हायचंय, समाजात काय तोंड दाखवू, असंही म्हणाली. तिने लाल तुकडे उचलून एकमेकांना जोडून बघितले. मग घरची बोली बोलली, "तुना भाऊ त्या दिनपाईन धड झोपना नही. मी समजनू, दुखनं शे." अपघातापासून तू धड झोपला नव्हतास, तिला वाटत होतं आजार आहे. पुडकं पुन्हा बांधून तिने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "जाय. सांगी ये."

सोमवारी कामावरून सुटल्यावर उधन्याला गेलो. महेंद्रभाई टीव्ही बघत होते. ज्योत्स्नाबेन काठी टेकत पाणी घेऊन आल्या. मी पाणी प्यायलो नाही, कारण त्यांच्या हातचं प्यायलो असतो तर बोलता आलं नसतं. पुडकं सोडलं आणि सगळं सांगितलं. बिट तुटला तिथपासून. पट्ट्या मी धरल्या होत्या हेही.

महेंद्रभाईंनी टीव्ही बंद केला. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "रघु हॉस्पिटलमां मारी बाजूमां बेठो हतो, त्यारे एने खबर हती?"

रघू माझ्या बाजूला बसला होता तेव्हा त्याला माहीत होतं का? सांगता आलं असतं, नक्की माहीत नाही. पण लाल तुकडे समोर होते. मी "हो" म्हटलं.

ते उठून गॅलरीत गेले आणि पाठ करून उभे राहिले.

मी ज्योत्स्नाबेनकडे बघत होतो. पाय त्यांचा गेला, त्या मला शिव्या देतील, काठी उगारतील, असंच धरून गेलो होतो. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांचं लक्ष गॅलरीतल्या पाठीकडे होतं. अगदी हळू म्हणाल्या, "हुं एमने रोज संभळावती हती."

रोज. जिना चढताना, अंघोळीला जाताना, कुणाच्या लग्नाला जायचं टाळताना, रोज त्या नवऱ्याला ऐकवायच्या, की हे तुमच्यामुळे. आणि तो माणूस मान खाली घालून ऐकायचा, कारण त्यालाही ते खरं वाटायचं. तू ज्योत्स्नाबेनचा पाय मोडलास, ती चूक होती. चूक माझ्याही हातून झाली. पण हे दुसरं जे त्या घरात रोज चालू राहिलं, ते तुझ्या गप्प बसण्याने झालं. हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. म्हणून सांगतोय.

मी निघालो तर ज्योत्स्नाबेननी थांबवलं. त्यांचे दोन भाऊ नवसारीला असतात. अपघातापासून ते महेंद्रभाईंशी बोलत नाहीत. राखी बांधायला त्या जातात, तेव्हा महेंद्रभाई खाली रिक्षात बसून राहतात. त्या म्हणाल्या, हे जसं आम्हाला सांगितलंस, तसंच माझ्या भावांना सांगायचं. माझ्या तोंडून नको, तुझ्या तोंडून. शनिवारी.

महेंद्रभाई गॅलरीतून वळलेच नाहीत. मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा वरून ज्योत्स्नाबेनचा आवाज आला. त्या त्यांना आत बोलावत होत्या. पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

ते तुला माफ करतील का? मला वाटत नाही. मला करतील? तेही वाटत नाही. प्रवीण मात्र काल फोनवर म्हणाला, गटातल्या सगळ्या गाड्या पुढच्या रविवारी शेडमध्ये खाली-वर तपासू, घरी बनवलेलं जे जे आहे ते काढून बघू. कोणी नाही म्हटलं नाही.

आता शनिवारचं. तुला शब्द देतो. नवसारीला मी तुझं पूर्ण नाव घेईन, आवाज खाली न आणता. तू गॅसने भोकं जाळलीस, मी पट्ट्या धरल्या, अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी तुला कळलं आणि तू गप्प बसलास, हे आधी सांगेन. त्यांना जे बोलायचं असेल ते त्यांना बोलू देईन. तुझी बाजू घेणार नाही. सगळं बोलून झालं आणि त्यांनी विचारलंच, की तो माणूस तरी कसा होता, तर मग सुजलेल्या पायांनी प्रवीणच्या गाडीखाली काढलेली ती दुपार सांगेन. नाही विचारलं, तर ती माझ्याजवळ ठेवेन.

पक्कड धरणारा तुझा भाऊ,
संजू