नानांचे अठरा महिने

२० जून १९९२
नीलाच्या शाळेत बेचाळीसच्या लढ्याची पन्नाशी. नववीच्या मुलांनी घरातल्या कुणाची माहिती लिहायची. निवडक फोटो नऊ ऑगस्टला हॉलमध्ये लागणार. माझे वडील, नाना, जाऊन वर्ष होत आलं. त्यांचा फोटो तिथे लागला की मला जरा सुटल्यासारखं वाटेल. नाना बेचाळीसला अठरा महिने तुरुंगात होते. मी सांगायचं, नीलाने लिहायचं. एका रविवारचं काम.

२८ जून
झालं नाही. इतिहासाच्या सरोजबाईंनी मुलांना शिकवलंय, कुणी काही सांगितलं की विचारायचं, तुम्हाला कसं कळलं? आम्ही इतिहास पाठ करायचो. नीला म्हणाली, पुरावा? म्हटलं, नानांच्या गुडघ्यावर लाठीचा वण होता. म्हणाली, "बाबा, ते भौतिक साधन झालं. पण ते आता नाही ना." नौपाड्यात दोन चकरा मारून आलो.

५ जुलै
आज नीलाने विचारलं, तुमचा जन्म कधीचा? म्हटलं, डिसेंबर त्रेचाळीस. तिने बोटांवर महिने मोजले. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, सासूबाईंबद्दल काय लिहून घेताय पोरीकडून?" मी म्हटलं, शाळेतल्या तारखा खोट्याच असतात. नीलाने पत्रिका काढली. नानांचं अक्षर, घटका-पळांसकट.
सहा महिने करू. सहासुद्धा कमी नाहीत.

१२ जुलै
कल्याणला मालनआत्याकडे नीलाला मीच घेऊन गेलो. नानांची सख्खी बहीण, साक्षीदार आपलीच. आत्या म्हणाली, "कसला तुरुंग रे? दोन दिवस चौकीत बसवलं आणि दिलं सोडून. गुडघा चिंचेवरून पडून फुटला. हळद मी भरली." रक्ताची माणसं अशी उलटतात.
नीलाने विचारलं, मग अठरा महिने कुणी सांगितले? आत्याने ट्रंकेतून माझा आठवीतला निबंध काढला, 'माझे वडील'. बक्षीस मिळालेलं म्हणून जपलेला. त्यात एक महिना.

१९ जुलै
नीलाने तक्ता केला. १९५७, एक महिना. १९७४, सहा महिने (ही म्हणते, तिला बघायला गेलेलो तेव्हा मी तसं सांगितलं). १९९२, अठरा. ही म्हणाली, "सुटल्यावर शिक्षा वाढत गेलेला कैदी पहिल्यांदा पाहिला." मी तक्ता द्यायचा नाही म्हणून बजावलं. नीला म्हणाली, उत्तर आवडलं नाही म्हणून पुरावा बदलायचा नाही, बाईंनी सांगितलंय. बाईंना भेटून सोक्षमोक्ष लावणार.

२१ जुलै
भेटलो. बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, घरी बरीच चर्चा होत असणार. मी हो म्हटलं. परत आलो.

९ ऑगस्ट
नानांचा फोटो लागला नाही. नीलाचा तक्ता लागला, पहिला नंबर. मथळा, 'गोष्ट कशी वाढते'. खाली, माहिती देणारे : वडील. लोक वाचून माझ्याकडे बघत होते.
मुलीने फसवलं, बायकोने फसवलं, आत्याने तर कहर केला. नाना असते तर माझ्या बाजूने बोलले असते.
घरी येऊन त्यांच्या फोटोसमोर बसलो. आठवून पाहिलं, तुरुंगाची गोष्ट त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली? एकदाही नाही. पाहुणे आले की मी सुरू करायचो, आणि नाना चष्म्याची पेटी उचलून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मी पाहुण्यांना सांगायचो, त्यांना स्वतःचं कौतुक सहन होत नाही.