दोन फारकती

दादा, परवा दिंद्रुडला बँकेच्या माणसांनी तुमच्या शिलाईच्या दुकानाचं कुलूप तोडलं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, पण मी ती दिली नाही. रस्त्याच्या पलीकडे नुसती उभी राहिले. शटर वर गेलं आणि जुन्या कापडाचा, मशिनच्या तेलाचा वास बाहेर आला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तो वास तेवढा तिथंच बसून होता. पंच म्हणून बोलावलेला शेजारचा किराणावाला उंबऱ्याशी थबकला, आत कुणी बसलंय असं वाटून त्यानं चप्पल काढली आणि मग पाऊल टाकलं. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

तुम्ही बीडला आमचा गणवेशांचा कारखाना पाहिलात तेव्हा चार मशिनी होत्या. पुढं बावीस झाल्या. बाईच्या नावावर कर्ज लवकर मिळतं म्हणून सगळे कागद माझ्या नावावर, आणि बाहेरचा व्यवहार तुमच्या जावयांकडे. मग तो आजार आला आणि शाळांना कुलपं लागली. शाळा उघडल्या तेव्हा सगळ्यात मोठ्या शाळेनं गणवेशाचा रंगच बदलला होता. खिशावर शाळेचं चिन्ह शिवलेले गोदामभर शर्ट आमच्याकडे पडून राहिले. ते दुसरं कोण घेणार? तुमचे जावई आधी माझ्याशी बोलायचे थांबले, मग माझ्यासोबत जेवायचे. कडाक्याचं भांडण झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं. एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वकील म्हणतो, आत्ताच वेगळं झालेलं बरं. दोघं बुडण्यापेक्षा एक तरी वर राहील."

"वर कोण राहणार?" मी विचारलं.

ते तव्याकडं बघत राहिले. "भाकर करपायली," म्हणाले.

बीडच्या कोर्टात मग माझे दोन अर्ज लागले. एक दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा, दुसरा कर्ज फेडता येत नाही, मला नादार जाहीर करा म्हणून. मी आता माजलगावला भाड्याच्या खोलीत राहते, एका बाईच्या दुकानात ब्लाउज शिवते. माझा एसटीचा एक फेरा वाचावा म्हणून वकीलबाईंनी दोन्ही तारखा एकाच दिवशी मागून घेतल्या. सकाळी नादारीचं काम. माझं जे काही आहे त्याची यादी कारकून वाचत होता: पातेली, पलंग, एक शिलाई मशीन. वाचता वाचता तो थांबला. "ताई, अंगावरचं सोनं लिहायचं राहिलं की." माझा हात गळ्याशी गेला. वकीलबाई म्हणाल्या, "मंगळसूत्र धरत नाहीत. सवाष्ण बाईला ते काढता येत नाही, असं कायदा मानतो." कारकुनानं मान वर केली. "पण दुपारी ह्यांची फारकत हाय ना?"

कुणी हसलं नाही. वकीलबाईंनी घड्याळ पाहिलं. "आत्ता साडेअकरा झालेत. आत्ता त्या सवाष्ण आहेत. पुढचं वाचा."

फारकत हा शब्द मी तुमच्या तोंडून एकदाच ऐकला होता. पहिल्या मशिनीचे उधारीचे पैसे फेडून तुम्ही माजलगावहून आलात, सदऱ्याच्या खिशातून देणं फिटल्याचा कागद काढून आईपुढं धरलात. "घे, फारकत लिहून आणली." त्या दिवशी घरात शिरा झाला होता. मला किती वर्षं वाटत होतं की फारकत म्हणजे काहीतरी गोड असतं.

दुपारी न्यायाधीशांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का. आम्ही दोघंही एकाच वेळी नाही म्हणालो. इतक्या महिन्यांत आमचं तेवढंच एक जुळलं. बाहेर जिन्यात ते थांबले. "एसटीपुरते पैसे हायत का?" मी हो म्हटलं. ते दोन पायऱ्या उतरले, पुन्हा वर बघितलं, आणि गेले. मंगळसूत्र मी दुसऱ्या दिवशी सोनाराला दिलं आणि कारखान्यातल्या ज्या बायकांचा शेवटचा पगार राहिला होता त्यांच्यात आलेले पैसे वाटून टाकले. दोघी ऊसतोडीला निघाल्या होत्या, डोक्यावर बोचकं तसंच ठेवून त्यांनी हात पुढं केला.

तेव्हापासून तुम्ही येता. भर दुपारी, पायाखाली मशीन चालू असताना, पाठीमागं कुणी श्वास रोखून माझी शिलाई बघतंय असं वाटतं. मी बारा वर्षांची असताना माझी पहिली कॉलर बघून तुम्ही म्हणाला होतात, "उसव. लई घाई झालीय तुला." आता मी वळून बघत नाही. शिलाई सरळ असली तरी उसवते, पुन्हा घालते. दुकानवाली बाई विचारते, "चांगलं होतं की, कावून उसवलं?" तिला काय सांगू?

तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यातली गोष्ट. कर्जासाठी दुकान तारण द्यायचं होतं. मी खाटेवर तुमच्यापुढं कागद धरते. तुम्ही विचारता, "कशाचा हाय गं?" मी म्हणते, "निराधारच्या पगाराचा." तुम्ही माझ्याकडं बघता. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून उशाशी ठेवता आणि सही करता. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत नव्हतात तुम्ही. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात.

नादारीच्या कामात कोर्टात मला शपथेवर विचारलं, वडिलांनी समजून-उमजून सही केली होती का. मी हो म्हटलं. ते खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं. कारण मग हेही लिहावं लागलं असतं, दादा, की तुम्ही चष्मा काढलात तेव्हा मला बरं वाटलं होतं.