बिनगाठीची लोकर

प्रिय गॅरेट,

फोनवर तू "हो आजी, बरं आजी" करतोस आणि ठेवून देतोस. पत्र असं ठेवून देता येत नाही. ठेवलंस तरी टेबलावर पडून ते तुझ्याकडे बघत राहतं, म्हणून लिहितेय. माझी शाळा सहावीत सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस. आणि हे गुरुवारच्या आत वाच. शनिवारच्या फुटबॉलला खेळी सांगून चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणून मैदानात तू उतरणार की तो दुसरा पोरगा, हे तुमचा कोच प्रेंटिस गुरुवारी सांगणार आहे, असं मला रेडिओवरून कळलं. आपल्या घरातली बातमी मला रेडिओवरून कळते, हेही ऐकून ठेव. तुझ्या आईचा ओमाहाहून दोनदा फोन आला. जागा गेली तर पुढच्या वर्षी फीमाफीही जाईल म्हणून ती रडत होती. तिला म्हटलं, डार्ला, रडायचं तर फोनचं बिल वाढवून रडू नकोस.

काल चर्चच्या तळघरात दरवर्षीचं जेवण होतं, चिली म्हणजे तोच तो मटणा-घेवड्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल. मी कोलाचे घेऊन गेले, खसखस भरलेले आपले गोड पाव. जिना उतरले तसा सगळ्यांनी विषय बदलला. मी आले की माणसं हवापाण्यावर बोलायला लागतात, तेव्हाच ओळखावं की विषय आपल्या घरचा होता. दोन घास पोटात गेल्यावर त्यांना धीर आला आणि पुन्हा जुंपली. गावात आता दोनच पक्ष आहेत. एक म्हणतो, कोचचं चुकतंय. गेल्या वर्षी जुन्या कोचनं याच पोराकडून आठ सामने जिंकून घेतले, हा नवा आला आणि गेल्या चार सामन्यांत मिळून एकोणीस गुण. दुसरा म्हणतो, नाचता येईना, अंगण वाकडं. कोच बाहेर उभा असतो, चेंडू पोराच्या हातात असतो. ऑर्व्हिल अर्थात सगळ्यांच्या मध्ये. त्यानं चाळीस वर्षं मक्याचं बियाणं विकलं. पीक बुडालं की हा पेरणाऱ्याला दोष द्यायचा आणि पेरणारा बियाण्याला, त्यामुळे असल्या वादात त्याला भलतीच गोडी. सध्या तो तुझ्या बाजूनं आहे, पण त्याचं काय, तो माझे कोलाचे खातो. कॅफेवाली बर्निस मात्र तोंडावर बोलली. म्हणाली, मिला, राग मानू नकोस, पण तुझा नातू चेंडू कुणाला देतो गं? तिथं तर नुसतं गवत असतं. सगळे हसले. मग कुणीतरी मलाच विचारलं, तूच सांग, चुकतंय कोणाचं? मी म्हटलं, चिलीत मीठ कमी पडलंय, आधी ते कोणाचं चुकलं ते बघा.

तिथं बोलले मी, पण घरी आल्यावर बसवेना. धुतलेले पडदे काढून पुन्हा धुतले. बाहेर मक्याची कापणी चाललीय, धूळ इतकी की वाळत घातलेलं परत मातकट होतं, तरी धुतले. हाताला काम नसलं की माझं डोकं नको तिथं जातं. सोमवारी रेडिओवर लोक फोन करून तुमच्या संघाची चिरफाड करतात, तेही ऐकत बसले. एक जण म्हणाला, कोचला हाकला. दुसरा म्हणाला, पोराला बसवा. तिसरा म्हणाला, अहो, त्या पोराला चष्मा तरी लावा. रेडिओवाले दोघं खो खो हसले. मी उठून रेडिओ बंद केला. तो माणूस मूर्खच होता, पण सगळ्यांत जवळ तोच पोचला होता.

तुला शाळेच्या मागची ती धुण्याची खोली आठवते ना? एकतीस वर्षं मी तिथं शाळेच्या पोरांचे कपडे धुतले. कपड्यावरच्या मातीवरून कोण लढून पडलं आणि कोण पळताना पडलं, हे मी सांगू शकायचे. तुझी आई कामावर, म्हणून शाळा सुटली की तू माझ्याकडे. सात वर्षांचा होतास. सरावाचे लाल शर्ट एका ढिगात, हिरवे दुसऱ्यात, एवढंच काम तुला दिलं होतं. तू दोन्ही कालवलेस. मी तुझ्या हातावर चापट मारली, खोड्या करतोस म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी दोन मोजे उचलले आणि विचारलं, यातला लाल कुठला? तू मोज्यांकडे बघितलंच नाहीस, गॅरेट. माझ्या तोंडाकडे बघितलंस, मी कुठल्या हाताकडे नजर टाकते ते हेरायला. तेव्हा मला कळलं. माझे वडील हुबेहूब असंच आईच्या तोंडाकडे बघायचे.

मी त्याच संध्याकाळी तुझ्या लाल मोज्यांच्या काठाला दोऱ्याची गाठ मारून दिली. बोट फिरवलं की कळेल, डोळ्यांचं काम नाही. युक्ती माझी नव्हे, माझ्या आईची. वडील रेल्वेत मालगाडीवर होते. आईनं त्यांच्या लाल झेंड्याच्या काठीला सुतळीची गाठ मारलेली. आठ वर्षं ते त्या गाठीवर जगले आणि कुणाला पत्ता लागला नाही. तुला मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल! शेवटी त्यांनी आपण होऊन साहेबाला खरं सांगितलं. डॉक्टरनं टेबलावर लोकरीच्या लडी पसरल्या आणि लाल कुठली, हिरवी कुठली ते वेगळं करायला लावलं. ते जमलं नाही आणि गाडीवरचं काम गेलं. पुढे मरेपर्यंत इंजिनाची राख उपसली. गोष्टीच्या शेवटी मी दर वेळी तुला बजावायचे, खरं बोलून त्यांना राख मिळाली, तू ओठ शिवून ठेव. तू ठेवलेस. शाळेचा कोच, कॉलेजचा जुना कोच, कुणाला कळलं नाही. मलाच माझ्या हुशारीचं कौतुक.

जुन्या कोचचं बरं होतं. तो बाहेरून आकडा ओरडायचा, तू मनगटावरच्या कागदात बघून खेळी सांगायचास. हा प्रेंटिस घाईचा माणूस. ऑगस्टमध्ये तू त्याची नवी पद्धत मला सांगितलीस. खेळीआधी रिंगण करून उभं राहायचं नाही, अकरा जणांनी थेट मैदानाबाहेर बघायचं. तिथं तीन पोरं उभी, एक लाल टोपीवाला, एक हिरव्या, एक तपकिरी. तिघंही हातवारे करतात, पण खरा एकच, बाकीचे दोघं समोरच्यांना फसवायला. या वेळी लाल खरा, पुढच्या वेळी हिरवा, क्रम तुमच्यात आधीच ठरलेला. मी फोनवर विचारलं, टोप्या कळतात का? तू म्हणालास, आजी, तिघांच्या उभं राहायच्या जागा ठरलेल्या आहेत, मी जागेवरून ओळखतो. म्हटलं, शाबास. पहिले दोन सामने जिंकलातही. मग समोरच्यांनी चित्रफिती बघून तुमच्या खुणा चोरल्या आणि प्रेंटिसनं त्या पोरांच्या जागा सामन्यात सारख्या बदलायला सुरुवात केली. तिथून तुमचं वाटोळं सुरू झालं. गाव म्हणतं पोराच्या डोक्यात हवा गेली, पण मी ऑर्व्हिलच्या गाडीतून चाळीस मैल येऊन बसते ती मक्याच्या लाह्या खायला नाही. गेल्या सामन्यात मी चेंडूकडे बघितलंच नाही. तुझ्या मानेकडे बघत होते. दहा जण लाल टोपीकडे बघत होते आणि तू हिरव्या. दहा जण एक खेळ खेळत होते आणि तू एकटा दुसरा. बर्निसला गवत दिसतं. तू चेंडू टाकलास तिथं तुझ्या हिशेबानं माणूस असायला हवा होता.

तर चुकतंय कोणाचं, हे त्या तळघरात मी सांगितलं नाही ते तुला सांगते. निम्मी चूक प्रेंटिसची. अकरा पोरांना रंग दाखवतो आणि एकदाही विचारत नाही की बाबांनो, सगळ्यांना दिसतात ना? गाईला नवा गोठा दाखवतानासुद्धा माणूस ती आत जाते का ते बघतो. निम्मी तुझी. तू एकवीस वर्षांचा घोडा आहेस, सात वर्षांचा नाहीस. आणि उरलेली निम्मी माझी. हो, तीन निम्मे झाले. सहावीत शाळा सोडलेल्या बाईचा हिशेब आहे, असाच येणार.

आता जे इतकी वर्षं लिहिलं नाही, बोलले नाही, ते. वडिलांची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली. त्यांनी साहेबाला खरं का सांगितलं, हे तू लहानपणी एकदा विचारलं होतंस आणि मी म्हटलं होतं, भोळे होते म्हणून. ते भोळे नव्हते. हातातल्या झेंड्याला गाठ मारता येते, लांबच्या कंदिलाला नाही. एका संध्याकाळी यार्डात कंदील लाल होता आणि त्यांनी तो हिरवा समजला. इंजिनाला पुढे यायची खूण केली. दोन डब्यांच्या मध्ये फ्रँक वाव्हरा होता, त्यांचा जोडीदार, आमच्या घरी रविवारी जेवायला यायचा. त्याचा पाय गुडघ्याखाली गेला. कुणालाच कारण कळलं नसतं. अंधार, धूर, दव, काहीही खपलं असतं. वाव्हरा स्वतः म्हणाला, माझाच पाय घसरला. माझे वडील दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन साहेबाकडे गेले. आईनं दार अडवलं होतं. त्यांनी तिला एवढंच म्हटलं, "गाठ तू माझ्यासाठी मारलीस, पाय त्याचा गेला." मी तेव्हा नऊ वर्षांची होते, टेबलाखाली बसले होते. राख उपसायला लागल्यावर गाव त्यांना आंधळा म्हणायचं, पोरं मागून दगड मारायची, मला त्याची लाज वाटायची. म्हणून तुला सांगताना मी वाव्हराचा पाय कापून टाकला आणि राख तेवढी ठेवली. पण एक सांगते, राख उपसून आलेला तो माणूस रात्री घोरायचा. त्याआधी आठ वर्षं तो घोरलेला मला आठवत नाही.

गेल्या शनिवारी, त्याच सामन्यात, तुमच्या टेरेलच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. सगळे म्हणाले खेळ आहे, लागतंच. रेडिओवर म्हणाले, कोचनं असली खेळी द्यायलाच नको होती. टेरेल उलट्या बाजूला वळला होता, चेंडू येईल असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तू ओरडलास, तो मान वळवून हात वर करून थांबला आणि न बघता उभ्या असलेल्या त्या पोरावर समोरच्या संघातले दोघं येऊन आदळले. टोपी कुठली होती, ते तुला माहीत आहे आणि मलाही. टेरेल तुझ्या खोलीत तुझ्यासोबत राहतो. गेल्या नाताळात याच टेबलाशी बसून त्यानं अकरा कोलाचे खाल्ले आणि मला आजी म्हणाला, मी त्याला म्हणू दिलं. इस्पितळात फोन केला तर मलाच धीर देत होता. म्हणाला, "आजी, गॅरेटला ओरडू नका, मीच चुकीच्या बाजूला वळलो."

वाव्हराही असंच म्हणाला होता. म्हणून हे पत्र. पाकिटात लोकरीच्या दोन लडी घातल्यात, माझ्या विणायच्या टोपलीतल्या. एक लाल आहे, एक हिरवी. गुरुवारी त्यानं नाव सांगायच्या आधी प्रेंटिसच्या खोलीत जा, त्या त्याच्या टेबलावर ठेव आणि म्हण, यातली लाल कुठली ते तुम्ही मला सांगा. पुढचं त्याला कळेल. नाही कळलं तर कोचला दोष देणारा गावातला तो पहिला पक्ष खरा. तो आकड्यांवर परत जाईल, की तुला बाकावर बसवेल, ते मला माहीत नाही आणि खोटा धीर मी देणार नाही. मी प्रेंटिसला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुझ्या तोंडून गेलं पाहिजे. जागा गेली तर घरी ये, राख उपसायला आपल्याकडे चूल आहे. आता तू पाकीट उघडून दोन्ही लडींच्या टोकांवरून बोटं फिरवशील, मी तुला ओळखते. फिरवू नकोस. या वेळी मी गाठ मारलेली नाही.

तुझीच,
गाठी मारणारी म्हातारी,
मिला आजी