पंच्याऐंशी की नव्वद

जयगड, ता. १४ जुलै २०२५

चि. विनीत यास आप्पांचे आशीर्वाद.

फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो, म्हणून लिहितोय. आपल्या मच्छीमार सोसायटीची विषारी वायू ओळखणारी चाळीस यंत्रं तुमच्या बंदरात उतरल्याचं कळलं. ती सोडवायचं काम तुझ्याच कस्टम एजंटाकडे दिलं, ते तू तिथे कारकून आहेस म्हणून. गेल्या साली पलीकडच्या गावात बोटीच्या तळाचा मासळीचा कप्पा धुवायला उतरलेले दोघे जिवंत वर आले नाहीत. पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने साचलेल्या पाण्यात तो वायू धरतो. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी यंदा फर्मान काढलंय, यंत्रं येईपर्यंत कोणी कप्प्याचं झाकण उघडायचं नाही. एक ऑगस्टला बोटी सुटतील, त्याआधी आठ दिवस तरी यंत्रं हातात हवीत.

गंगाराम माझी टिंगल करतो. चाळीस वर्षं आपलं नाक हेच यंत्र, म्हणतो. तुला पोहायला शिकवायचं म्हणून ज्याने खाडीत ढकललं तोच हा, वयाने काही सुधारलेला नाही. त्याच्या आनंदीबाईंनी तुझ्यासाठी सोडे राखून ठेवलेत.

पत्र पोचल्याचं लिही. जेवणाची आबाळ करू नकोस.

आप्पा


उरण, ता. १९ जुलै

ती. आप्पांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

यंत्रं सुखरूप आहेत, पण अडकलीत. बाहेरून आलेला माल कस्टमच्या यादीत कुठल्या तरी अध्यायात बसवावा लागतो, त्यावर त्याचा कर आणि नियम ठरतात. वायू लागला की हे यंत्र ठणाणा करतं, म्हणून मी ते पंच्याऐंशीव्या अध्यायात, धोक्याच्या घंटांमध्ये घातलं. तपासणीच्या अधिकारीबाई म्हणतात, हे आधी हवेतला वायू मोजून आकडा दाखवतं आणि मग वाजतं, तेव्हा ते नव्वदाव्यात, मोजमापाच्या उपकरणांत जायला हवं. त्यांनी नमुना प्रयोगशाळेत धाडलाय. अकरा वर्षांत माझा एकही कागद चुकलेला नाही. मी लेखी उत्तर दिलंय. थोडे दिवस इकडेतिकडे होतील, त्याने काही बिघडत नाही.

गंगारामकाकांना सांगा, त्यांचं नाक कुठल्या अध्यायात घालावं ते मला अजून सापडलेलं नाही.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपला विनीत


जयगड, ता. २८ जुलै

चि. विनीत यास आशीर्वाद.

गंगाराम गेला. परवा सकाळी.

तुझं पत्र आल्यापासून रोज कोणी ना कोणी माझ्या ओटीवर येऊन बसत होतं. कप्पा धुतल्याशिवाय बर्फ भरता येत नाही, आणि बर्फाशिवाय बोट सुटत नाही. शुक्रवारी मी फर्मान मागे घेतलं. शनिवारी गंगाराम पहिला उतरला. जवान पोरं नकोत, आधी मी वास घेऊन सांगतो, म्हणाला. खाली पोचल्यावर सगळं ठीक आहे असंही त्याने ओरडून सांगितलं. मग आवाज आला नाही. त्याचा मुलगा नितेश मागोमाग उडी टाकत होता, चौघांनी त्याला धरून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हा वायू फार झाला की आधी माणसाचं नाकच मारतो.

मला काही सुचत नाही. एवढंच कळव, यंत्रं नेमकी कशात अडकली होती?

आप्पा


उरण, ता. १ ऑगस्ट

ती. आप्पांस नमस्कार.

यंत्रं माझ्यामुळे अडकली होती.

आमच्याकडे नवा कागद करताना जुनी फाइल पुढे घेतात. मी एका हॉटेलच्या आगीच्या घंटांच्या फाइलवरून अध्यायाचा आकडा उतरवला, यंत्राचं माहितीपुस्तक उघडलंही नाही. १६ तारखेला बाईंनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि दुरुस्तीचा अर्ज द्या, तिसऱ्या दिवशी माल सोडते, म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे हे मला उभ्या उभ्या कळलं. पण दुरुस्ती झाली की ती कारकुनाच्या नावावर कायमची राहते. मी घरी येऊन चार पानी उत्तर लिहिलं आणि माझंच बरोबर म्हणून अडून बसलो. तुम्हाला १९ तारखेला लिहिलं तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं.

काल तुमचं पत्र मिळाल्यावर अर्ज दिला. माल सोमवारी निघेल. हे आनंदीकाकूंना वाचून दाखवा. त्यांच्यासमोर उभं राहायला मला तोंड नाही.

विनीत


जयगड, ता. ८ ऑगस्ट

चि. विनीत यास आशीर्वाद.

यंत्रं पोचली. बोटी उभ्याच होत्या, काल सगळे कप्पे यंत्राने तपासून धुतले. तीन बोटींत ते वाजलं. त्या तीन बोटींवरची नऊ माणसं आज घरी जेवली.

तुझं पत्र मी आनंदीबाईंना वाचून दाखवलेलं नाही, आणि दाखवणारही नाही. फर्मान मागे घेणारा मी होतो. ते काल त्यांच्या ओटीवर बसून माझ्या तोंडाने सांगितलं. नितेश उठून आत गेला. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, मग त्यांनी दार लावून घेतलं. तीस वर्षांत ते दार माझ्यावर कधी लागलं नव्हतं.

तुझ्या वाट्याचं तू सांगायचं आहेस. त्या तुला ओटीवर चढू देतील की नाही, मी सांगू शकत नाही. तरी ये. मी तुझ्याबरोबर त्यांच्या बेड्याच्या फाटकापर्यंत येईन, पुढे तू एकट्याने जायचं.

पुढच्या शनिवारच्या गाडीला रत्नागिरी स्टेशनवर उभा राहतो.

तुझा आप्पा