हरभऱ्याएवढा डाग

चि. चैताली,

हातावरचा डाग हरभऱ्याएवढा होता, अन् तुझ्या गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी कातडी काढली पेरूच्या फोडीएवढी. "नाना, कडेची चांगली कातडीही काढावी लागते," असं तू म्हणालीस, पण माझ्याकडं न बघता.

द्राक्षाची रोगट काडी छाटताना मीही थोडी चांगली काडी घेतो. पण कात्री एवढी मागं नेतो ती रोग खोडाकडं सरकला असला तरच. अन् तेव्हा तुझ्या आईला सांगतो, काही नाही, सहज छाटलं. तूही अगदी तशाच आवाजात सांगितलंस.

खरं काय ते तोंडावर विचारलं असतं. पण मग तू मला अंगभर तपासून घ्यायला लावशील, अन् मानेमागं तसाच दुसरा डाग आलाय. म्हणून हे पत्र खिशातच ठेवतोय.

गळ्याला उपरणं गुंडाळून बसलेला,
तुझा नाना